खमिराची बरणी

या हो या, मागे काय बसलात पाहुण्यासारखे? सरका पुढे. आजची गोष्ट कुणा राक्षसाची नाही. राक्षस परवडला, त्याला शिंगं असतात, लांबून ओळखू येतो. आमचा हा बाबा बेकरीत पीठ मळायचा आणि सकाळ-संध्याकाळ देवाला हात जोडायचा.

तिथली भट्टी तीस वर्षं एका म्हाताऱ्याकडे, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काकांची एक चिनी मातीची बरणी होती, तिच्यात खमीर, म्हणजे पाव फुगवणारं आंबवलेलं पीठ. रोज दुपारी त्यातलं अर्धं ते मळायच्या पिठात घालायचे आणि उरलेल्याला मूठभर पीठ नि कोमट पाणी देऊन उद्यासाठी जगवायचे. पाणी कोमटच हवं. कढत पडलं की खमीर मेलं.

मळणाऱ्याचं दुखणं काय? काकांनी छळलं? छे! काका रोज चारचौघांत म्हणायचे, "पोरानं पीठ कसं लोण्यासारखं मळलंय!" पोरानं! चाळिशी उलटलेल्या, दोन मुलींच्या बापाला पोर! बस, एवढंच. पाहा देवा, माणसाला बिघडायला किती थोडकं निमित्त पुरतं. सैतानाला यायचे कष्टसुद्धा पडले नाहीत.

एका दुपारी बरणी झाकून काका हात धुवायला गेले, तेवढ्यात यानं किटलीतलं कढत पाणी तिच्यात ओतलं. वर मनाची समजूत, 'पिठाचा गोळा तो. मी काय कुणाचा जीव घेतला?'

दुसऱ्या दिवशी पाव फुगलाच नाही.

बेकरीच्या मालकीणबाई कडाडल्या, "काका, लोकांना पाव द्यायचाय की विटा?"

काकांनी बरणीत बोट घातलं, हुंगलं आणि पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. "बाळा, खरं सांग. काल माझ्या हातून कढत पाणी पडलं का रे? मला काही आठवतच नाहीये."

इथं, मंडळी, देवानं दार सताड उघडून दिलं होतं. 'काका, मीच.' दोन शब्दांचं काम. आमचे सज्जन काय बोलले?

"हो काका, मी पाहिलं. वयोमानानं होतं एखाद्या वेळी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

केवढं ते हळवं मन! बरणी मारली ते पाप त्यापुढे किरकोळ. या वाक्यानं म्हाताऱ्याचा स्वतःवरचा भरवसाच मेला. काकांनी एप्रन खुंटीला अडकवला आणि घर गाठलं.

भट्टी याला मिळाली. पण नवं खमीर काही केल्या धरेना. पाव बसका, वास आंबूस. मालकीणबाईंनी आठ दिवस दिले, "जमलं तर ठीक, नाहीतर चल परत परातीपाशी."

तेव्हा साहेब काकांच्या घरी निघाले. आपण कबुलीच द्यायला चाललोय, असं वाटभर स्वतःला बजावत होते.

दार काकूंनी उघडलं. "बरं झालं आलास. बघ जरा यांच्याकडे. चहासुद्धा स्वतः ओतून घेत नाहीत. म्हणतात, माझ्या हातून कुणीतरी भाजेल."

काका हात मांडीवर ठेवून बसले होते. याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "ये बाळा! तू खरं बोललास म्हणून वाचलो रे. दुसऱ्या कुणी लपवलं असतं." मग काकूंना म्हणाले, "अगं, ती घरची बरणी दे त्याला. बाळा, त्याच खमिरातलं आहे ते, हिनं जगवलंय. माझ्यापेक्षा तुझ्या हाती सुखरूप राहील."

कबुली राहिली बाजूला. हात मात्र बरोबर पुढे झाले.

आता पाव असा फुगतो की बघत राहावं. आणि आमचा भट्टीवाला? न्हाणीघरातही बरणी बरोबर नेतो. मेहुण्याच्या लग्नात ती मांडीवर घेऊन बसला होता. बायको करवादली, "नवरीलासुद्धा कुणी एवढं जपत नाहीये!" पीठ मळायला नवा गडी आला, गुणी आहे बिचारा, पण तो किटलीकडे वळला की हा बरणी छातीशी कवटाळतो. सगळं जग त्याला स्वतःसारखंच दिसतं. आणि स्वतः कसा आहे, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्याच्यासाठी हळहळू नका, त्याचं त्याला मिळतंय. आठवण ठेवा ती काकांची. तीस वर्षांत त्यांचा हात चुकला नव्हता, त्या दुपारीही चुकला नव्हता. आणि हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. निदान तुम्ही तरी ध्यानात असू द्या.