घमेल्यातला तलाव

गंगाबाईला एक गोष्ट समजत नव्हती, आणि समजत नाही हे तिनं सव्वीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. ती गोष्ट म्हणजे त्रैक्य. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघं. तिघं, पण तीन देव म्हणायचं नाही. एकच, पण पिता म्हणजे पुत्र असंही म्हणायचं नाही. आता तुम्हीच सांगा, शेतातून दमून आलेल्या माणसाच्या डोक्यात हे शिरायचं कसं?

ती मूळची चोरखमाऱ्याकडची, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांची लेक. सडक अर्जुनीच्या इंद्रकुमारवर जीव जडला, माहेरी आकाशपाताळ एक झालं, तरी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर चर्चमध्ये आली. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी विचारलं, सगळं समजलं ना? आजूबाजूला जन्माची ख्रिस्ती माणसं ताठ उभी. तिनं मान हलवली. येशू तिला पहिल्याच दिवशी समजला होता. रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणारा माणूस समजायला काही पोथ्या वाचाव्या लागत नाहीत. पण त्रैक्याचं नाव निघालं की ती नुसतीच मान हलवी. तिला वाटे, यांना हे आईच्या दुधातून मिळालं असणार. आपण बाहेरून आलेली सून, आपल्या वाटणीला ते आलं नाही.

आणि नशिबाची गंमत बघा, बारा वर्षांपूर्वी संडे स्कूल तिच्याच गळ्यात पडलं. पोरं मोजून अकरा. गंगाबाईचं बोलणं बेताचं, पण हातात कसब. पळसाच्या पानाचा द्रोण म्हणजे शिष्यांची नाव, ती टाक्यात सोडायची आणि पोरांनी फुंकर मारून वादळ आणायचं. धानाच्या तणसाची गव्हाण, कापसाची मेंढरं. पोरं रविवारची वाट बघत. तिला स्वतःचं मूल नव्हतं. रविवारचा तो दीड तास म्हणजे तिचं लेकुरवाळं घर होतं, दुसरं काही नाही.

मे महिन्यात ईश्वरदासजींनी तिला बोलावलं. ईश्वरदासजी म्हणजे पंचांचे मुख्य, निवृत्त हेडमास्तर, वय बहात्तर, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. चर्चमध्ये ते खोकले तरी लोक सरळ बसत.

"गंगाबाई, पोरं मातीत खेळून राहिली का शिकून राहिली?" त्यांनी विचारलं. "जून महिन्यात त्रैक्याचा रविवार हाये. त्या दिवशी पोरांनी साऱ्या मंडळीसमोर त्रैक्य करून दाखवायचं. तुमच्या त्याच कागद-मातीनं. नीट समजावता आलं तं ठीक. नाई तं गोंदियाहून एक शिकलेली मुलगी यायले तयार हाये, ते प्रोजेक्टर लावून शिकवन."

"हो जी," म्हणून ती बाहेर पडली आणि चर्चच्या पायरीवरच बसली. वर्ग जाणार. आणि जाताना सव्वीस वर्षांची चोरीही उघडी पडणार.

तीन आठवडे तिनं डोकं फोडलं. आधी पळसाचं पान घेतलं. पळसाला पानं तीन, हे तर शेंबडं पोरही जाणतं. देठ एक, पानं तीन, झालं काम! ती खूश झाली. पण कैलाशनं, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात आगाऊ कार्ट्यानं, त्यातलं एक पान टचकन तोडलं आणि विचारलं, "आता याले देव म्हनाचं का, का तुकडा?" पळस तिथंच आटोपला.

मग एका दुपारी तिला तिचा बाप आठवला. बाप म्हणायचा, कोहळ्याला पाणी दाखव, तो तलाव बांधून दाखवेल. सुचलं! तलाव, पाट आणि शेत. ठिकाणं तीन, पाणी एक! तलाव तो पिता, पाटानं खाली उतरून आपल्यापर्यंत येतो तो पुत्र, आणि बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, मुरून धान पिकवतो तो पवित्र आत्मा. गंगाबाई एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवून हसली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्यालाही समजलं.

पोरांनी सुकलेल्या तलावातून चिकण गाळ आणला. मोठ्या घमेल्यात गंगाबाईनं त्यांना पाळ, म्हणजे तलावाचा बांध, घालायला शिकवली. गाळाचा थर द्यायचा, थापायचा, पुन्हा थर. पाळीला भोक पाडून पपईच्या देठाची नळी बसवली आणि तिला चिंधीचा बोळा लावला. खाली बोटभर पाट, त्याखाली इवल्याशा बांध्या आणि त्यात खरे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं. पीयूषनं पाळीवर काडीचं झाड लावलं. रुचीकडे बोळा काढायचं काम होतं. रुची आठ वर्षांची, बापाबरोबर रोज शेतात जाणारी, बोलायला कमी आणि बघायला फार.

त्रैक्याच्या रविवारी उपासना झाली आणि मंडळी अंगणात कडुनिंबाखाली जमली. ईश्वरदासजी खुर्चीवर. घमेलं मधे. सराव करताना पाणी कधी ओतलं नव्हतं, पाळ कच्ची होती म्हणून. आज सुकून टणक झाली होती. पीयूषनं लोटाभर पाणी ओतलं, तलाव काठोकाठ भरला, लोक "वा, वा" म्हणाले. कैलाशनं न अडखळता सगळं म्हणून दाखवलं. ईश्वरदासजींनी मान डोलावली आणि गंगाबाईच्या जिवात जीव आला. रुचीनं बोळा काढला.

पाणी झुळझुळ पाटात आलं, पाटातून बांधीत गेलं, पऱ्हे भिजले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रुची मात्र तलावाकडे बघत होती. तिनं बोट दाखवलं.

"आंटी, तलाव तं खाली होऊन राहिला."

"होऊ दे, बाई," गंगाबाई घाईनं म्हणाली.

"पर मंग पिता कमी झाला न? पुत्र आपल्याकडे आला, तं पिता तिकडे उरलाच नाई. असं काऊन?"

टाळ्या थांबल्या. घमेल्यातल्या तलावात आता नुसता चिखल दिसत होता. शेतकऱ्याची पोर ती, पाणी इथं आलं की तिथून जातं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि गंगाबाईला, तलाव बांधणाऱ्यांच्या लेकीला, हे एवढं साधं सुचू नये! तिला स्वतःचाच असा राग आला की काय सांगावं.

"सांगा, गंगाबाई," ईश्वरदासजी म्हणाले. "पोरगी विचारून राहिली."

काहीतरी ठोकून देता आलं असतं. 'तू अजून लहान आहेस, मोठी झालीस की समजेल,' असं तर जगातला कुठलाही माणूस म्हणतो. गंगाबाईच्या तोंडाशी तेच आलं होतं. पण रुची तिच्याकडे असं बघत होती, की खोटं बोललं असतं तर येशूकडे तोंड वर करून बघायची सोय राहिली नसती.

"मले नाई मालूम, रुची," ती म्हणाली. "माह्यं उदाहरन चुकलं. आन खरं सांगू का, मले हे कधीच समजलं नाई. बाप्तिस्मा घेतला तवाबी नाई. मी नुसती मान हालवली होती."

इंद्रकुमार डोळे फाडून बायकोकडे बघत राहिला. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. गंगाबाईनं पदरानं तोंड पुसलं. वर्ग गेला होता, पण छातीवरची धोंडही उतरली होती, आणि तिला एकाच वेळी रडू येत होतं आणि हलकं वाटत होतं.

ईश्वरदासजी उठले. चष्मा नीट केला आणि हेडमास्तरांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐक पोरी. तत्त्व एक, व्यक्ती तीन. तिघंही अनादी, तिघंही समान. पिता कमी होत नाई, पुत्र वेगळा होत नाई. समजलं?"

दुसरं पोर असतं तर "हो जी" म्हणून सुटलं असतं. रुचीनं नीट विचार केला.

"नाई," ती म्हणाली. "तुमाले समजलं का, आजोबा?"

रुचीच्या आईनं धावत येऊन तिचा दंड धरला. पण ईश्वरदासजींनी हात वर करून तिला थांबवलं. ते घमेल्याजवळ आले. मग खुर्चीकडे न वळता, गुडघे धरत धरत, खाली मातीत बसले. त्यांना खाली बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"नाई," ते म्हणाले.

मग गंगाबाईकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, हळूहळू बोलले. "मी सहा वर्षांचा होतो. माह्या बापाले हेच विचारलं होतं. हेच, पिता उरला कुठं म्हनून. त्यानं असं मारलं का दोन दिवस कान वाजत होता. तवापासून पाठ केलं. शाळेत, इथं, किती लोकांकडून घोकून घेतलं. विचारलं मातर कुनाले नाई."

गंगाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सव्वीस वर्षं ती या माणसाच्या ताठ पाठीकडे बघून स्वतःला कमी समजत आली होती. आणि तो सहासष्ट वर्षं एकटाच. तिला त्याची इतकी कीव आली, की स्वतःच्या वर्गाचं काय होणार हे ती विसरूनच गेली.

"गोंदियाच्या मुलीले कळवतो, यायची गरज नाई म्हनून," ईश्वरदासजी म्हणाले. "पुढच्या रविवारपासून मीच येऊन बसत जाईन, पोरांच्या मागं. चालन का, गंगाबाई?"

"चालन जी," ती म्हणाली.

त्यांनी रुचीला जवळ बोलावलं. तिचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. त्यांनी तिच्या कानाकडे पाहिलं, अगदी निरखून पाहिलं, जसं डॉक्टर बघतो तसं.

"तू आंटीले असं काईबी विचारतं," ते म्हणाले. "मारत नाई का ते तुले?"

रुचीला प्रश्नच कळला नाही. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग गंगाबाईकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"कायले मारन?" ती म्हणाली.