नऊ बेटांच्या पलीकडचा दिवा

ट्रेलर गुरुवारी संध्याकाळी सहाला आला, न सांगता न सवरता. मी लॅबमधून येऊन नुकतीच पाय धूत होते. प्रीतमचा फोन आला आणि तो नुसता ओरडत सुटला, "नऊ बेटां! गो, नऊ बेटां इली!" मी तशीच ओल्या पायांनी पडवीत धावले.

मी स्वप्ना, देवगडजवळच्या जामसंड्याची. सकाळी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी 'खेळाची खबर' नावाचं यूट्यूब चॅनेल चालवते, तेही मालवणीतून. गेमच्या कन्सोलच्या आणि हातात धरून खेळायच्या हँडहेल्डच्या बातम्या देते. कोण नवीन मशीन काढतंय, बॅटरी किती तास टिकेल, गेम कार्ट्रिजवर मिळणार की नुसता डाउनलोड. हा शेवटचा प्रश्न आमच्याकडे जिवाभावाचा. पुण्यातल्या माणसाचा साठ जीबीचा गेम चहा होईपर्यंत उतरतो. आमच्याकडे तेवढ्यात पौर्णिमेची अमावास्या होते.

प्रीतम माझा मावसभाऊ. मालवणात पर्यटकांच्या बोटीवर असतो आणि चॅनेलवर माझ्याशी भांडायचं काम करतो. बघणारे दोन हजारांच्या आतबाहेर. त्यातले निम्मे मुंबईतले चाकरमानी, आणि ते गेमपेक्षा भाषा ऐकायला येतात असा मला दाट संशय आहे.

'नऊ बेटां' हे आमचं घरगुती नाव. मूळ इंग्रजी नाव लांबलचक. मी अकरा वर्षांची असताना बाबांनी सिंगापूरहून एक हँडहेल्ड आणला होता, त्यासोबत एकच गेम. बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, मालवाहू जहाजावर सुकाणी होते. जहाजाचं चाक त्यांच्या हातात असायचं. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. गेमची काडेपेटीएवढी कार्ट्रिज मी मशीनमध्ये घातली ती जवळजवळ काढलीच नाही. त्यात एक शिडाची होडी आणि नऊ बेटं. मारामारी नाही, पिस्तुलं नाहीत. वारा बघायचा, शीड फिरवायचं, बेट शोधायचं. मी तो खेळ चौदा वेळा पुरा केला. पण बनवणाऱ्यांनी दुसरा भाग काढलाच नाही. वीस वर्षं! दर जानेवारीत मी चॅनेलवर छातीठोकपणे सांगायची, यंदा दुसरा भाग येणार. आणि दर डिसेंबरात खाली प्रतिक्रिया यायच्या, "ताई, खंय पोचली तुझी होडी?"

आता ती आली होती, त्याच कंपनीच्या नव्या हँडहेल्डवर. चौऱ्याण्णव सेकंदांचा ट्रेलर. लाटा अशा की हात लावला तर ओला होईल. तेच शीड, तीच ठिगळं. शेवटी सगळा काळोख, त्यात एक दीपगृह, लाल पट्ट्याचं. दिवा लुकलुकतो, नाव उमटतं, संपलं. नावापुढे दोनचा आकडा नाही, तारीख नाही. मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

मी सहाव्यांदा बघेपर्यंत जगाने निकालही लावला होता. हा नवा गेम नव्हेच! लाल पट्ट्याचं दीपगृह म्हणजे पहिल्या बेटावरचं. म्हणजे जुनाच गेम, नवा रंग लावून. मोठमोठ्या चॅनेलवाल्यांनी तसे मथळे टाकले.

प्रीतम फोनवर म्हणाला, "जुन्या घराक चुनो काढलो, दुसरा काय नाय."

माझा उत्साह हवा गेलेल्या फुग्यासारखा बसला. तरी मी पुन्हा ट्रेलर लावला. तेवढ्यात बाबा पडवीत आले. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन घरी आले. आमचं वाईट काही नव्हतं, पण मी लहान होते तेव्हा ते घरी नव्हते आणि ते घरी आले तेव्हा मी मोठी झाले होते. जेवलीस काय, गाडीत पेट्रोल आसा काय, यापलीकडे बोलणं फारसं जात नसे. ते खुर्चीकडे जाता जाता थांबले.

"ही लाइट खंयची?"

"खेळातली, बाबा."

"परत लाव बघू."

मी लावली. बाबा वाकले. त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्या वेळेला त्यांनी बोटांवर मोजलं.

"तीन लुकलुक. मगे काळोख. मगे परत तीन," ते म्हणाले.

"मगे?"

"मगे काय? लाइट रंगान वळखूची नसता. रात्रीचो रंग दिसता खंय? वळखूची तेच्या ठेक्यान. शेजारच्या दोन लायटींचो ठेको एक ठेवणत नाय, आणि येकदा ठरलेलो ठेको उगीच बदलणत नाय. नायतर जहाजा खडपार आपटतली."

मी उठले आणि कपाटातून जुना हँडहेल्ड काढला. दोनदा बॅटरी बदललेला, एक बटण चिकटतं, पण चालतो. पहिल्या बेटाकडे होडी नेली आणि गेममध्ये रात्र व्हायची वाट बघितली. बाबा शेजारी बसून. दिवा लागला.

एक. दोन. काळोख.

एक. दोन. काळोख.

"दोन!" मी किंचाळले. "बाबा, ही दोनच मारता!"

"तर मगे ही लाइट येगळी. नवो किनारो आसा तो."

"पण चित्र काढणाऱ्यान सहज तीनदा लुकलुकवला असात तर?"

बाबांनी हँडहेल्ड माझ्या हातातून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. होडी वाऱ्याच्या तोंडावर धरली, ती खऱ्या शिडाच्या होडीसारखी अडली. मग नागमोडी काढत पुढे नेली. सोळा-सतरा मिनिटं त्यांनी मान वर केली नाही.

"ह्या ज्यांनी केल्यानी," ते शेवटी म्हणाले, "तो दर्यावर गेलेलो माणूस आसा. असो माणूस ठेक्यात चूक करूचो नाय."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती. मादागास्करच्या वाटेवर, ते चाकावर असताना, नव्या अधिकाऱ्याने समोरचा दिवा बघून वळायचा हुकूम दिला. बाबांनी ठेका मोजला होता, तो जुळत नव्हता. सुकाण्याने अधिकाऱ्याला उलट बोलायचं नसतं. तरी ते म्हणाले, साहेब, ही ती लाइट नव्हे. कप्तानाला उठवलं, नकाशा उघडला. सकाळी ज्या बाजूला ते वळणार होते तिथे पाण्याबाहेर खडक दिसत होते. "चोवीस माणसां होती बोटीर," बाबा म्हणाले आणि गेमकडे वळले.

मी लगेच कॅमेरा काढला. बाबा आधी नको नको म्हणाले, मग केस विंचरून आले. चार मिनिटांचा व्हिडिओ: डाव्या बाजूला जुना दिवा, उजव्या बाजूला नवा, मधे बाबांचा आवाज. "मोजा. तुमीच मोजा." खाली इंग्रजी ओळी मी घातल्या. शेवटी मी सांगितलं, 'खेळाची खबर'चं ठाम मत आहे की हा नवा गेम आहे. प्रीतमने फोनवरून व्हिडिओतच मला वेड्यात काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये फोन बघितला तर आकडा चाळीस हजार. संध्याकाळी लाखावर. कोरियातले, ब्राझीलमधले लोक मोजत बसले होते. एक, दोन, तीन! पण हसणारेही निघाले. म्हातारा कार्टूनमधल्या दिव्याला खरा समजतो, असं एका नावाजलेल्या चॅनेलवाल्याने म्हटलं, आणि त्याच्या मागे हजारो लोक हसले. माझी चेष्टा झाली तर मला सवय आहे. बाबांना मी कशाला चव्हाट्यावर आणलं?

"काय म्हणतत लोक?" बाबांनी जेवताना विचारलं.

मी खोटं बोलले नाही. "कोण मोजतत, कोण हसतत."

"हसांदेत," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. "हसले म्हणान तिनाचे दोन होवचे नाय."

दोन आठवड्यांनी कंपनीचा मोठा कार्यक्रम होता, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. प्रीतम मालवणहून बाईक मारत आला. आईने, म्हणजे यशोदाने, कांदाभजी तळली होती. तिचं म्हणणं, एवढी माणसं जमली म्हणजे काहीतरी तळायलाच हवं. बाबांनी चष्मा पुसून ठेवला होता. मोबाइलचं नेट टीव्हीला जोडलं. आधी इतर गेम झाले, नव्या मशीनची बॅटरी झाली, पडदा झाला. एरवी मी त्यावर तासभर बोलले असते. त्या दिवशी मला एक अक्षर कळत नव्हतं.

मग समुद्राचा आवाज आला. होडी आली. बोलणाऱ्या माणसाने नकाशाची गुंडाळी उलगडायला घेतली आणि चित्र थांबलं. मधोमध ते गोल गोल फिरणारं चाक.

"मेल्या नेटाक काय आताच मराचा होता!" मी उभीच राहिले. प्रीतम स्वतःचा फोन घेऊन अंगणात, मग माडाखाली, मग विहिरीच्या कठड्यावर चढला. आई म्हणाली, उतर रे खाली. आणि तेवढ्यात टीव्ही चालू झाला.

नकाशा उघडला होता. खाली एका कोपऱ्यात, नखाएवढी, आमची नऊ बेटं. आणि वर लांबच लांब किनारा, खाड्या, भूशिरं, मी कधीच न बघितलेला. त्याच्या टोकावर लाल पट्ट्याचं दीपगृह. एक. दोन. तीन. काळोख.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारच्या सुभद्रा काकी "कोणाक चावला गो?" करत काठी घेऊन आल्या, साप निघाला असं समजून. प्रीतम विहिरीवरून धावत आला तो चपलेसकट घरात, आणि त्याने बाबांना चक्क उचललं. "सोड रे, सोड!" बाबा म्हणत होते, पण हसत होते, आणि त्यांचे इतके दात मी कधी बघितले नव्हते. त्या गडबडीत पुढची बातमी जवळजवळ हुकलीच: गेम कार्ट्रिजवर येणार! पुढच्या वर्षी. मी पुन्हा ओरडले. काकींनी काठी टेकवून भजी खाल्ली.

बाबांचं सगळंच बरोबर आलं असं नाही. नव्या गेममध्ये कोळशावर चालणारं जहाज येणार असंही ते व्हिडिओत म्हणाले होते. ते काही आलं नाही. प्रीतमने तेवढं धरून ठेवलं आहे.

आम्ही तिथेच व्हिडिओ केला, पडवीत, सगळे एकदम बोलत. हसणाऱ्या चॅनेलवाल्याने रात्री जेवणाआधीच माफी मागितली, चांगल्या शब्दांत. मी ती बाबांना वाचून दाखवली. ते "हां" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी एका पेशंटच्या दंडाला पट्टा बांधला होता. फोन वाजला. बाबा मला कामावर कधीच फोन करत नाहीत, म्हणून घाबरून उचलला.

"अगो स्वप्ना," पलीकडून धापा टाकल्यासारखा आवाज, "तो नवो ट्रेलर मी परत बघलंय. एकेचाळीसाव्या सेकंदाक थांबव. होडीच्या डाव्या अंगाक पाणी मातकट आसा. दिसला तुका?"

"बाबा, माझ्या हातात सुई आसा."

"अगो पण मातकट पाणी म्हणजे थंयसर नदी मिळता! नकाशात नदी दाखवूक नाय हा त्यांनी. लपवून ठेवलेली आसा!"

मी पट्टा सोडला. पेशंटला म्हटलं, "मावशे, येक मिनिट हां," आणि फोन कानाला घट्ट धरला. "खंयच्या बाजूक, बाबा? नीट सांगा."