बंधाऱ्यावरची साक्ष

रविवारी माझा बाप्तिस्मा व्हता आन् सकाळीच मी शंभूला पळीनं हानलं. शंभू माझा बारका भाऊ. पान्यात उतरताना घालायचा माझा पांढरा ड्रेस खुंटीला व्हता, त्याच्यावर त्यानं चहा सांडला. मुद्दाम न्हाई, पन वर दात काढले. मग बसली एक. कपाळाला टेंगूळ.

आये चुलीपासनं वरडली, "आज तरी गप ऱ्हा गं! देवासमोर जायचंय."

"मग देवालाच सांग, ह्याला आवर म्हनावं."

रिहे गावच्या वढ्यावर बंधारा हाय, तितं आमच्या मंडळीचे बाप्तिस्मे होत्यात. मंडळी म्हंजे आमच्या वाडीतली चार घरं आन् खालच्या गावातली दोन. पान्यात उतरायच्या आधी काठावर उभं राहून साक्ष द्यायची, पयलं मी कशी व्हते आन् आता प्रभूनं कसं बदललं. सगळ्यांची साक्ष एकाच साच्यातली. दारू पीत व्हतो, सुटली. भांडत व्हते, थांबले. मधलं कुनी सांगत न्हाई.

नववीत बाईंच्या अंगावर डस्टर फेकून मी शाळा सोडली, तवापासनं वाडीत माझा राग सगळ्यांना ठावं हाय. बाप्तिस्मा मीच पुढं ढकलत व्हते. राग गेला की घेते म्हनायचे. आयेला वाटायचं, पोरीचं मनच न्हाई. वाटेनं चालताना तिनं माझा दंड धरला.

"'राग गेला' येवढं म्हन. दोन शब्द हायेत."

"गेलाच न्हाई तर?"

"म्हनल्यावर जाईल."

बंधाऱ्यावर दत्ता पास्टर आधीच आलेले. ते आठवडाभर भुकूमला बिल्डिंगा रंगवत्यात, नखांत रंग तसाच असतो. त्यांची पाठ धरलेली, म्हनून पान्यात बुडवताना दुसऱ्या बाजूनं वाल्मीककाका आधार देतो. आधी जुन्यांनी साक्ष द्यायची रीत, म्हनून काका उठला, डोळं मिटून म्हनाला, "प्रभूनं माझी दारू सोडवली. लई वर्सं झाली, थेंब न्हाई."

सगळे म्हनाले, आमेन. मी म्हनले न्हाई. गुरुवारी दारूच्या गुत्त्यामागं उकिडवा बसून पिताना ह्याला मी सोता बघितला व्हता. माझं डोस्कंच फिरलं. ह्या खोटारड्याच्या हातानं मी बुडायचं?

"बोल, मोनाली," पास्टर म्हनाले.

मी उभी राहिले. "पयलं मी लई रागीट व्हते."

माना हलल्या. आयेचे व्हट माझ्या आधीच पुढचे दोन शब्द म्हनाय लागले.

"आता बी हाय. सकाळी शंभूला पळीनं हानलंय. बघा, टेंगूळ."

काकाची बायको धोंडाबाई "अगं बया" म्हनाली. कुनीतरी हसलं. पास्टर हसले न्हाईत.

"मग आज पान्यात कशाला जायचं?"

"मी वाट बघितली, पास्टर. जाईना. देव लई पवित्र हाय, त्याच्यासमोर खोटं बोलले तर त्याला कळनारच. आन् खरं बोलले तर मी ही अशी. तिसरं काय माझ्याकडं न्हाईच."

पास्टर नखातला रंग खरवडत राहिले. मला वाटलं, आता घरी धाडत्यात.

"राग गेला असता तर तुला देवाकडं यायचं काय कारन व्हतं?" ते म्हनाले. "पन राग चालतो असं मी म्हनत न्हाई. शंभूची माफी मागितलीस?"

"न्हाई."

"माग."

मागितली, सगळ्यांच्या देखत. शंभू म्हनाला, "परत मारनार तू. मला म्हाईत हाय."

"मारलं तर पास्टरला सांग."

"लगेच सांगनार!"

मग पान्यात उतरले. वाल्मीककाकानं हात पुढं केला. सगळं माझ्या जिभेवर व्हतं, गुत्ता, गुरुवार, सगळं. पन आत्ताच माझं उघडं करून आले व्हते आन् कुनी दगड मारला नव्हता. मी नुसतं काकाकडं बघितलं.

"बघितलंस न्हवं तू मला?" तो हळूच म्हनाला.

"व्हय."

त्यानं हात मागं घेतला. पास्टरकडं वळला. "पास्टर, मघाची माझी साक्ष खोटी. गुरुवारी प्यालो. त्याच्या आधी बी."

काठावर धोंडाबाई दगडावर मटकन बसली.

"मग आज तिला धरू नको," पास्टर म्हनाले. "पन भाईर बी जाऊ नको. हितंच उभा ऱ्हा, आमच्या संगं."

आता दुसरीकडनं धरायला कोन? तर आये लुगडं खोचून थेट पान्यात! कुनाला इचारलं बी न्हाई. पास्टरांनी पित्याच्या, पुत्राच्या आन् पवित्र आत्म्याच्या नावानं म्हनलं आन् मी खाली गेले.

वर आले तवा नाकात पानी, डोळ्यांत पानी. "आये! मुंडी दाबत्यात का अशी? जीव जातोय माझा!"

"केस कोरडे राहिले असते मग?" आये त्याच आवाजात वरडली.

मी पास्टरांकडं बघितलं. राग जसाच्या तसा व्हता, अंगात, गरम. पन तो लपवायला कुटं पळावं असं काय वाटलं न्हाई. देव बघतुया, तर बघू दे. मग आयेला म्हनले, "चुकलं, आये." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लई जोरात.

आये आन् पास्टर काठावर चढले. वाल्मीककाका कंबरेएवढ्या पान्यात तसाच उभा.

"चला काका, भाईर," मी म्हनले.

"तू व्हो पुढं. मला जरा येळ लागंल."

मग मी बी थांबले, त्याच्या शेजारी. पानी लई गार व्हतं.