जिन्यावरचं पाऊल

मदरशात तर्कशास्त्र शिकवणारे उस्ताद वादात सहसा कोणाला हार जात नसत. अल्लाहने ग्रंथही दिला आणि अक्कलही दिली, मग दोघांचं भांडण असेलच कसं, असा त्यांचा सवाल असे. एखादं वचन बुद्धीला पटेना, तर ते रूपक समजावं, एवढंच. कयामतीच्या दिवशी मेलेली माणसं उठतील ना? उठेल ती रूह, म्हणजे आत्मा. हाडामांसाचं शरीर ही साध्याभोळ्यांना कळावी म्हणून वापरलेली भाषा. वर्षानुवर्षं ते हेच शिकवत आले होते.

घरी जेवताना बायकोलाही त्यांनी हे एकदा समजावलं होतं. तिचा डावा पाय लहानपणीच्या आजारात अधू झालेला. एक पाऊल टाकायची, दुसरं ओढायची. ती हसत सुटली. "म्हणजे हा पाय इथेच सुटला! पण मग मी आले हे तुम्हाला कळणार कसं? तुम्ही तर पुस्तकातून मान वर काढता ती या पायाच्या आवाजानेच."

त्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घरात उरले उस्ताद आणि त्यांची सासू. सासूला दुसरं कोणी नव्हतं, आणि 'जा' म्हणायला उस्तादांची जीभ रेटली नसती.

काही आठवड्यांनी जिन्यावरून तो आवाज आला.

दुपारची नमाज आटोपून उस्ताद पुढच्या खोलीत वाचत बसले होते. जिन्यावर एक पाऊल पडलं. मग ओढल्याचा आवाज. मग पुन्हा पाऊल. त्यांनी सवयीने मान वर केली. उठून पाहिलं, तर जिना रिकामा.

मग त्यांच्यातला तर्कशास्त्री कामाला लागला. गच्चीचं दार वाऱ्याने घासत असेल म्हणून त्याला कडी घातली. पाण्याचा नळ तपासला. शेजारच्यांच्या मांजराची चौकशी केली, तर ते कधीच कोणीतरी उचलून नेलेलं. कारणं एकेक करून निकालात निघाली, आवाज मात्र येतच राहिला. रोज नाही, पण यायचा तो दुपारीच, लख्ख उजेडात.

शेवटी जेवताना त्यांनी विषय काढला. "अम्मी, दुपारी जिन्यावर काही ऐकू येतं का हो?"

स्वयंपाकघरातून जिना हाकेच्या अंतरावर. पण सासूने ताटावरची नजर उचलली नाही. "नाही बाई."

"तिच्या पायासारखं..."

"मेलेलं माणूस कयामतीआधी परतत नाही," ती एकेक शब्द तोलत म्हणाली. "एवढे शिकलेले तुम्ही, आणि भुताखेतांच्या नादी लागलात?"

उस्ताद वरमले. श्रद्धाळू सासू ठाम, आणि बुद्धिवादी जावई जिन्याकडे कान लावून बसलेला!

वर्गात नेमका पुनरुत्थानाचा धडा आला. एका दाढीवाल्या विद्यार्थ्याने उस्तादांचंच म्हणणं घडाघडा बोलून दाखवलं: शरीर म्हणजे उपमा, उरते ती रूह. ऐकताना उस्तादांच्या डोळ्यांसमोर तो आत वळलेला तळवा आला, त्यावरची चपलेची खूण आली. हे सगळं उपमा? डोकं दुखतंय असं सांगून ते भरदुपारी घरी आले.

दार ढकललं आणि तो आवाज आला. एक पाऊल. मग ओढलेलं. या वेळी ते धावले.

जिन्यात सासू होती. एका हाताने भिंत धरून, डावा पाय ओढत, एकेक पायरी चढत होती.

"अम्मी! म्हणजे रोज तुम्हीच?"

ती तिथेच मटकन खाली बसली. "आजच आले हो मी. पोर कशी चढायची, तिला किती दुखायचं, ते बघावंसं वाटलं. रोजचा आवाज तुमचा ना? मला वाटायचं, तुम्हीच तिच्यासारखं चालून बघता."

"मी तर खोलीतून हललोच नाही कधी."

"म्हणजे तुम्हालाही ऐकू यायचं," उस्ताद म्हणाले. "मग 'नाही' का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं, आणि आवाज तुमचा नाही निघाला, तर अल्लाहवरचं इमान डळमळलं असतं माझं." तिने पदराने तोंड पुसलं. "आता तुम्ही खरं सांगा. शरीर उठणार नाही, हे पटतं तुम्हाला?"

उस्ताद खालच्या पायरीवर टेकले. "उठेल हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, अम्मी. पण उठणार नाही, हेही सिद्ध होत नाही. बुद्धी तिथे थांबते. ती थांबते हे मी पोरांना कधी सांगितलंच नाही."

"म्हणजे माहीत नाही तुम्हाला."

"नाही."

"मलाही नाही. मी मानते." तिने ओढलेला पाय पायरीवर सरळ केला. मग हळूच म्हणाली, "सगळे धडधाकट होऊन उठतील म्हणतात. ती दोन्ही पायांवर सरळ चालत आली, तर मी ओळखू कशी तिला?"

उस्तादांच्या तोंडातून निघून गेलं, "ती ओळखेल ना तुम्हाला."

सासू तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात उस्तादांनी सांगितलं, की आजवर आपण अर्धंच शिकवलं. बुद्धी कुठवर जाते हेही बुद्धीनेच ओळखायचं असतं, आणि त्यापुढचं नाकारायचा तिला अधिकार नाही. दाढीवाला विद्यार्थी कुजबुजला, दुःखाने उस्ताद ढिले पडले. मदरशाच्या बड्या मौलानांनी पाठ थोपटली, "आलात एकदाचे वाटेवर!" उस्ताद म्हणाले, "मी वाट सोडली नव्हती, आणि प्रश्नही सोडलेले नाहीत." मौलानांचा हात पाठीवरून निघाला.

आवाज अजूनही येतो. परवा दोघं जिन्याजवळ शेंगा सोलत बसले होते, तेव्हा पावलं सावकाश खालच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. कोणीच उठलं नाही. सासूने फक्त वाटेतली टोपली जरा बाजूला सरकवली.