लोसेनाची चिठ्ठी

“आधी सुई कुणी टोचून घेतली?” दवाखान्यात सिस्टर केलेराने विचारलं.

“मी. पगार माझा झाला होता,” विलिकेसा म्हणाला. त्याच्या गमबुटांना अजून ओलं गवत चिकटलेलं होतं.

“आणि सैलासाने?”

“नशेची पूड एकापुरतीच होती. मी घेतली, मग माझ्याच हातातून रक्त काढून त्याला दिलं. मामेभाऊ शेजारी बसलेला, एकट्याने कसं घ्यायचं, सिस्टर?”

केलेराने पेन खाली ठेवलं. “अरे बाबा, रक्तातून नशा कुठली आलीय? तुझ्या रक्तात सापडलेला एचआयव्ही मात्र त्याच्या अंगात जातो.”

पंधरा वर्षं विलिकेसा सुवा शहराच्या रस्त्यांकडेचं गवत कापत होता. कसाव्याच्या कंदाचा तुकडासुद्धा त्याने कधी एकट्याने खाल्ला नव्हता, आणि मिरवण्यासारखं त्याच्यापाशी तेवढंच होतं. स्वतःच्या दुखण्याचं त्याला फारसं वाटलं नाही. करावं तसं भरावं. पण सैलासाच्या बायकोला, लोसेनाला, आठवा महिना लागला होता. ते त्याने सिस्टरला सांगितलं.

“तिची तपासणी याच आठवड्यात होऊ दे,” केलेरा म्हणाली. “गरज पडली तर लगेच गोळ्या सुरू करू. बाळ वाचू शकतं.” तिने लोसेनाच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली.

विलिकेसा पोचला तेव्हा सैलासा अंगणात यांगोना, मुळांच्या पुडीचं गुंगी आणणारं पेय, कालवत बसला होता. त्याने पहिली करवंटी विलिकेसापुढे धरली.

“ये रे गवत्या. तोंड का पाडलंयस? मुकादमाचा पाय कापलास की काय?”

विलिकेसाने करवंटी रिकामी केली आणि खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. सैलासाचं हसू मावळलं.

“मी ठणठणीत आहे.”

“मीही ठणठणीतच होतो. उद्या चल. लोसेनालाही घे.”

“आणि सासऱ्याला काय सांगू? रविवारी चर्चमध्ये उभा राहून तो देवाचं भय घालतो. मला घराबाहेर काढेल.” सैलासाने आवाज आणखी दाबला. “तूच दिलंस ना? मी मागितलं होतं का?”

मागितलं नव्हतं. विलिकेसाने आपणहून हात पुढे केला होता.

नारळाच्या दुधातल्या माशाची ताटली घेऊन लोसेना बाहेर आली. “भावजी, जेवून जा. आणि ऐका, मुलगा झाला तर तुमचंच नाव ठेवायचं ठरलंय. तुमच्यासारखा वाटून खाणारा निघू दे.”

विलिकेसाने खिशातून चिठ्ठी काढली. ती लोसेनाच्या हाती पोचण्याआधीच सैलासाने मधल्यामध्ये घेतली.

“कसला कागद?” लोसेनाने विचारलं.

“काही नाही. याच्या गवताच्या कामाचा,” सैलासा म्हणाला.

“तसंच ना हो, भावजी?”

तिने विलिकेसाकडे पाहिलं. सैलासानेही पाहिलं. विलिकेसाने होकाराची मान हलवली.

लोसेना पोटावर हात ठेवून, सावकाश, पायरी चढून आत गेली. सैलासाने चिठ्ठीची पट्टी फाडली, तीत चिमूटभर तंबाखू भरून विडी वळली आणि पेटवली. दोन झुरके मारून त्याने ती सवयीने विलिकेसापुढे धरली.

विलिकेसाने ती घेतली.