तेजूला कुवेत

कुवेतमधल्या खैरानच्या समुद्रकाठी, चटईवर, प्रीतमने चहाच्या थर्मासखाली एक कागद दाबून ठेवला होता. वारा असा होता, की कागदच फडफडून सही मागत होता.

"मसुद्यावर आज सही कर, रविवारी वकिलातीत जाऊन पक्का करू. दहा मिनिटांचं काम," तो म्हणाला. "तुझी सही झाली की गावचा वकील तुझ्या वतीने हक्कसोड नोंदवील आणि सातबारा एकदाचा सरळ होईल."

"म्हणजे माझं नाव गेलं की सरळ होतो," तेजस्वी म्हणाली. "मी एवढी वाकडी असेन असं वाटलं नव्हतं, दादा."

प्रीतम मोकळेपणी हसला. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत वीस वर्षं पाइपलाइनींवर नजर ठेवणारा माणूस; बहिणीच्या बोलण्यातले वळसे त्याला दिसत नसत. पण लबाड मुळीच नव्हता. तेजस्वीची पंचाईत तीच होती. लबाड भावाशी भांडता तरी आलं असतं.

त्यांचे वडील, आबा, दिवाळीनंतर गेले. सलवाला राहणारी, शाळेत ग्रंथपाल असलेली तेजस्वी या तीन महिन्यांत भरपूर वाचत होती. रडली मात्र नव्हती. सगळी जमीन दादाने बघावी ही आबांची इच्छा, असं तिला कळलं तेव्हा तिने मान हलवली होती. कोकणातले चार कुणगे, भाताची चिमुकली खाचरं, घेऊन तिला काय करायचं होतं? टोचत होतं ते वेगळंच. जाताना आबांना ती आठवलीच नव्हती?

तिने पेनचं टोपण काढलं. मग राहवेना.

"आबा नेमकं काय म्हणाले होते रे?"

"सांगितलं ना. जमीन मी बघायची."

"तुझ्या शब्दांत नको. त्यांच्या."

"झालं! ग्रंथपालबाईंना आता मूळ प्रत हवी." प्रीतमने एक भजं तोंडात टाकलं. "म्हणाले, 'जमीन तू सांभाळ, तेजूला कुवेत.' बरोबरच आहे की. तुझी नोकरी इथे, घर इथे."

पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच थांबलं.

"आणि तुझी नोकरी कुठे आहे?"

प्रीतम चावायचा थांबला.

"सीताबाईंना फोन लाव," ती म्हणाली. सीताबाई गावी त्यांची शेती कसायच्या. "स्पीकरवर. काय चाललंय, एवढंच विचार. मी अक्षर बोलणार नाही, नाहीतर म्हणशील पढवलं."

फोन लागला. प्रीतमने विचारलं मात्र, पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

"थांब रे बाबू! कुवेतात वासरू शिरलंय, कुळीथ फस्त करतंय! हाकलते नि मग बोलते!"

फोन बंद. प्रीतमची मुलगी स्वरा मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "बाबा, काफ? इन कुवेत? व्हेअर?"

"तेच तुझ्या आत्याला विचार," प्रीतम पुटपुटला.

"आबा इथलं गवंडीकाम सोडून परत गेले, तेव्हा त्या कमाईतून ओढ्याकाठचा कुणगा घेतला," तेजस्वी म्हणाली. "तू पुण्याला हॉस्टेलवर होतास. गावाने त्याचं नावच कुवेत पाडलं. लावणीच्या दिवसांत आई मला रोज सांगायची, 'तेजू, कुवेतला भाकरी पोचव.'"

प्रीतमने कपाळावर हात मारला. "आणि मी तीन महिने तुला हा अख्खा देश देऊन बसलोय! तोही दुसऱ्याचा!"

तेजस्वी हसली. हसता हसता तिने तोंड समुद्राकडे वळवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. प्रीतमने थर्मासखालचा कागद काढून चार घड्या केल्या, खिशात टाकला आणि तिच्यासाठी चहा ओतला.

"नवा मसुदा करू," तो शेवटी म्हणाला. "पण त्यात लिहायचं काय? 'कुवेत वगळून'? वकिलातीतला माणूस आपल्याला बाहेर काढील."

"गट नंबर लिही, दादा."

"तो तरी मला कुठे माहीत आहे!"

तेवढ्यात सीताबाईंचा फोन आला. वासरू बाहेर काढलं होतं, एक कोपरा साफ झाला होता.

"माझ्याशी नको," प्रीतम म्हणाला. "कुवेतची मालकीण इथे बसली आहे. तिच्याशी बोला." आणि त्याने फोन पुढे केला.

तेजस्वीने डोळे पुसून फोन घेतला. "सीताबाई, वासरू कुणाचं होतं?"

"कुणाचं काय? आबांच्याच गाईचं."

"मग खाऊ द्या थोडं," ती म्हणाली.