कप्तानाची टिचकी

मित्रांनो, शनिशिंगणापुरात आबासाहेबांच्या घरी जो कोणी येतो, तो उंबरा ओलांडण्यापूर्वी माझ्या काचेवर बोटाने टकटक करतो. त्या घराला चौकट आहे, पण दार नाही. शनिदेवांवर भार टाकून राहणाऱ्या या गावाची ती जुनी रीतच आहे. मग आलेल्याने वाजवायचे तरी काय? म्हणून चौकटीवर टांगलेला मीच साऱ्यांच्या उपयोगी पडतो. घरचे मला बंद पडलेले घड्याळ म्हणतात. वस्तुतः मी एक जुना वायुभारमापक आहे. जहाजावर जन्म घालवलेला आणि एका पोर्तुगीज कप्तानाच्या सहवासात वाढलेला.

आपल्या भोवतीच्या हवेलाही वजन असते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. तिच्यातली हवा काढून घेतलेली आहे. बाहेरची हवा जड झाली की ती डबी किंचित दबते, हलकी झाली की किंचित फुगते, आणि त्या इवल्याशा हालचालीने माझा निळा काटा सरकतो. उजवीकडे गेला तर निरभ्र दिवस, डावीकडे गेला तर वादळ. दोष म्हणाल तर एवढाच की, माझा काटा वय झाल्यासारखा जागच्या जागी अडून बसतो. काचेवर हलकीशी टिचकी बसली की तो थरथरतो आणि मगच खरे बोलतो.

माझे पितळी अंग लिस्बन नगरीतल्या एका कारागिराने घडवले. दुआर्ते लोबातू नावाचा एक तरुण नौदलात दाखल झाला, त्या दिवशी त्याच्या वडिलांनी मला त्याच्या हाती दिले. किती अभिमानाने त्याने मला आपल्या लाकडी खोलीत टांगले! आफ्रिकेचा किनारा आम्ही दोघांनी मिळून पालथा घातला. खाड्यांची खोली मोजावी, खडकांच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात, असे त्याचे काम असे. प्रत्येक पाळीच्या आरंभी तो माझ्यापुढे उभा राही, बोट वाकवून काचेवर टिचकी मारी आणि देवासमोर उभे राहावे तसा क्षणभर स्तब्ध होई.

एकदा मोझांबिकच्या सामुद्रधुनीत समुद्र तेलासारखा शांत होता. खलाशी गात होते. लोबातूने टिचकी मारली आणि माझा काटा डावीकडे असा काही घसरला की, त्याचा हात हवेतच राहिला. त्याने तत्क्षणी शिडे उतरवण्याची आज्ञा केली. खलाशी कुजबुजले, हसलेही. पण सूर्य मावळण्यापूर्वी चक्रीवादळ आले आणि आमचे जहाज सुखरूप राहिले. त्या दिवसापासून सारे त्याला 'टिचकीवाला कप्तान' म्हणू लागले, आणि मित्रांनो, त्या नावात माझाही वाटा आहे असे मला आजही वाटते.

कीर्ती माणसाला कोठे नेईल, हे सांगता येत नाही. ज्याने जहाज सांभाळले तो मुलूखही सांभाळील, असा विचार करून सरकारने त्याला हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा ठाण्याचा प्रमुख नेमले. त्या ठाण्याचे नाव मी घेत नाही. तेथे लोबातूने खलाशाची टोपी काढली, छातीवर पदके लावली आणि उंच छताच्या दालनात बसू लागला. मी त्याच्या समोरच्या भिंतीवर होतो. दाराशी पहारेकरी होते. माझी काच रोज पुसली जाई, पण तिला कोणी स्पर्श करू नये असा दंडक होता. तो स्वतःही आता दुरूनच माझ्याकडे पाही आणि समाधानाने मान हलवी. टिचकी मारणे त्या आसनाला शोभत नव्हते.

पुढे तेथे नवा धक्का बांधून झाला. त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी कोळ्यांनी आपल्या होड्या सजवून समुद्रात न्याव्यात आणि प्रमुखांना मानवंदना द्यावी, असे ठरले. सकाळी कोळ्यांचा एक वृद्ध पुढारी दालनाच्या दाराशी आला. वारा ठीक नाही, एवढेच त्याला सांगायचे होते. पहारेकऱ्यांनी त्याला परत पाठवले. आत लोबातूने माझ्याकडे दृष्टी टाकली. माझा काटा उजवीकडे अडून बसला होता, आणि माझी डबी आत फुगत चालली होती. त्याला हवी होती केवळ एक टिचकी.

होड्या गेल्या. वादळातून काही परत आल्याच नाहीत.

सायंकाळी लोबातू भिजलेल्या वस्त्रांनिशी दालनात आला आणि कित्येक महिन्यांनी त्याने बोट वाकवून माझी काच वाजवली. काटा डावीकडे कोसळला.  दुसऱ्या दिवशी त्याने सुतार बोलावून दालनाच्या दाराची दोन्ही पाने बिजागऱ्यांवरून उतरवली. मग जो येई तो सरळ आत येई, आणि येता येता प्रत्येकाने माझ्यावर टिचकी मारावी अशी त्याची आज्ञाच होती. पण त्याची मुदत संपली. मायदेशी जाताना त्याने मला सोबत नेले नाही. "याची इथे अधिक गरज आहे," असे तो म्हणाला. त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी दाराची पाने पुन्हा बसवली आणि मला अडगळीच्या खोलीत टाकले.

त्या खोलीत अनेक दशके गेली. पोर्तुगीज अंमल संपला, सामान भंगारात निघाले, आणि हातोहाती फिरत मी अहिल्यानगरला दिलावरभाईंच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो. समुद्रसपाटी सोडून पठारावर आल्यामुळे माझा काटा कायमचा वादळाच्या टोकाला गेला होता. दिलावरभाईंनी त्यांच्या सवयीने माझ्या पाठीचा स्क्रू फिरवला आणि काटा मधोमध आणून ठेवला. नकळत त्यांनी मला या भूमीची हवा वाचायला शिकवले. तेवढ्यात आबासाहेब आपले बंद घड्याळ घेऊन तेथे आले आणि माझ्या पितळेवर त्यांची नजर गेली.

"आबा, हे घड्याळ न्हाई," दिलावरभाई म्हणाले. "बारा आकडेच न्हाईत याला."

"मग काय हाय?"

"ते मलाबी न्हाई ठाऊक. चौकटीवर लावा, शोभंल."

"बरं हाय. माझ्या घरात येळ बघतंय कोन?" आबासाहेब म्हणाले आणि मला पिशवीत घालून शिंगणापुरास घेऊन आले.

अशा रीतीने, मित्रांनो, माझ्यावरचा दंडक सुटला. येणारा प्रत्येक जण मला वाजवू लागला. कोणाच्या बोटात अंगठी असे, कोणाचे बोट पिठाने माखलेले असे, आणि प्रत्येक टकटकीसरशी माझा काटा मोकळा होई. एवढा सन्मान मला जहाजावरही मिळाला नव्हता.

पण माझी भाषा ओळखली ती आबासाहेबांच्या सुनेने, सुकन्येने. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती चौकटीशी बसून गहू निवडत होती. शेजारच्या रंगूबाई आल्या, त्यांनी मला वाजवले, आणि काटा झपाट्याने डावीकडे गेला. त्याच दिवशी गारा पडल्या आणि रंगूबाईंची डाळिंबाची बाग झोडपून निघाली. त्या दुपारी काटा जेथे थांबला होता, तेथे सुकन्येने काचेवर कुंकवाचे बोट टेकवले. आबासाहेब हसले होते. "घड्याळाला कुंकू लावलं व्हय? आता याला नैवेद्यबी दाखव."

आणि आता गेल्या चैत्रातला तो दिवस सांगतो, ज्यासाठी मी हे सारे सांगत बसलो आहे.

आबासाहेबांचा कांदा काढून झाला होता. पात वाळावी म्हणून तो शेतात उघड्यावर पसरला होता. त्या घराचे सबंध वर्ष त्या वाफ्यांत पडले होते. सुकन्येचा नवरा भागवत साखर कारखान्यात पाळीवर गेलेला. शनिवारची अमावास्या असल्याने गावात भाविकांची दाटी होती आणि गल्लीतले सारे जण देवळाकडे गुंतलेले. सकाळपासून आमच्या घरी कोणी फिरकले नाही.

आकाश स्वच्छ होते. परंतु माझ्या पोटातली डबी फुगू लागली. हवा हलकी होत होती, आणखी हलकी होत होती, आणि माझा काटा मधोमध घट्ट अडून बसला होता. समोर सुकन्या येत-जात होती. तिने दोनदा माझ्याकडे पाहिले आणि निर्धास्त होऊन ती आत गेली. लोबातूच्या त्या दालनाची भिंत मला आठवली. कोणीतरी या, मी मनोमन म्हणत होतो, कोणीही या, भिक्षेकरी या, वाट चुकलेला भाविक या, पण मला वाजवा.

दुपार कलली तेव्हा गल्लीत टेम्पो थांबला. गावातला माल वाहणारा परवेझ उतरला. कांदा घोडेगावच्या बाजारात कधी न्यायचा, हे विचारायला तो आला होता. त्याने आपल्या दणकट बोटाने माझी काच ठोकली.

"आबा, हाय का कुनी? दार ठेवत न्हाई तर न्हाई, एखादी कडी तरी ठेवा वाजवायला. बोट दुखतं."

"तुझं बोट दुखतं, आन माझी काच फुटंल," आबासाहेब आतून म्हणाले. "ये, च्या घे."

माझा काटा सुटला होता. तो थेट कुंकवाच्या बोटाशी जाऊन थरथरत उभा राहिला. सुकन्या चहा घेऊन आली आणि कपबशी हातात धरून जागीच थबकली.

"परवेझभाऊ, परत एकदा वाजवा."

"आत्ताच तर आत आलो वहिनी. परत भाईर काढता का?"

"वाजवा तर."

त्याने वाजवले. काटा कुंकू ओलांडून पलीकडे गेला.

सुकन्या सासऱ्यांना मामा म्हणते. ती शांतपणे म्हणाली, "मामा, कांदा आजच उचलायचा."

आबासाहेबांनी चौकटीतून आभाळाकडे पाहिले. "कायबी बोलू नको. आभाळ बघ, धुतल्यावानी हाय. अजून दोन उन्हं खाल्ल्याबिगर पात वाळत न्हाई. वला कांदा साठवनीच्या चाळीत कोंबला तर सडून जाईल. मग काय त्या घड्याळाला इचारू, किती वाजलं?"

परवेझ हसला. सुकन्या हसली नाही.

"चाळीत नकोच. घरात पसरू, दोनी खोल्यांत."

"आन झोपायचं कुठं?"

"कांद्यावर. कांदा तर ऱ्हाईल."

"आन ऊन असंच पडलं, तर? आबानं बंद घड्याळ बघून शेत गोळा केलं, म्हनून गाव हसंल."

"हसू द्या. ऊन पडलं तर उद्या परत पसरता येईल, मामा. गारा पडल्या तर काय पसरायचं?"

आबासाहेब उठले. अंगणात जाऊन ते वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी माझ्या काट्यात सारे प्राण गोळा करून थांबलो होतो. शेवटी परवेझच म्हणाला, "टेम्पो रिकामाच हाय, आबा. मला काय, घोडेगाव काय आन तुमचं माजघर काय, दोनी सारखंच."

"चल मग," आबासाहेब म्हणाले. "सुनबाई म्हनती तर."

मित्रांनो, त्यानंतरचा प्रहर मी आयुष्यात विसरणार नाही. टेम्पो पाठमोरा होऊन चौकटीला भिडे आणि कांदा घमेल्या-घमेल्यांनी आत जाई. ना कडी, ना कुलूप, ना अडसर! परवेझ येता-जाता घाईतही सवयीने मला टकटक करी आणि माझा काटा आणखी डावीकडे सरके. सुकन्या दर खेपेला काट्याकडे पाही आणि म्हणे, "बिगी बिगी." खोल्या भरल्या. तेवढ्यात देवळाकडून परतलेल्या रंगूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, कांद्याचं लगीन हाय का घरात?"

"गारा येत्यात, रंगूमावशी."

रंगूबाईंनी कुंकवाच्या पलीकडे गेलेला काटा पाहिला. त्यांची थट्टा तेथेच विरली. "माझी ओसरी रिकामी हाय. तिकडं टाका. माझी डाळिंबं गेली तवा तुमीच आलता धावून." मग पलीकडच्या घरातही कांदा गेला, त्याच्या पलीकडच्याही. सारीच घरे उघडी. विचारायलाही कोणाला थांबावे लागले नाही. पश्चिमेला काळी रेघ उमटली. ती वाढली, तिने सूर्य गिळला, आणि परवेझची अखेरची खेप गल्लीत वळत असताना पहिली गार टेम्पोच्या टपावर वाजली.

मग आभाळच कोसळले. पत्र्यांवर गारांचा असा घोष सुरू झाला की, माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येईना. चौकटीतून आत उडालेल्या गारा कांद्यांवर टपटपत होत्या आणि सुकन्या पदरात त्या वेचून बाहेर फेकत होती. माझ्या पितळेवरही आघात झाले. मला मात्र मोझांबिकचा तो समुद्र आठवत होता, आणि उतरवलेली शिडे.

गारा थांबल्यावर आबासाहेब एकटेच शेताकडे जाऊन आले. एका कोपऱ्यातला कांदा राहिला होता. तो चिखलात ठेचून गेला होता. बाकी सारे वाफे रिकामे होते.

परतल्यावर ते चौकटीशी थांबले. आपल्याच घरी येताना या माणसाने मला कधी वाजवले नव्हते. त्यांना त्याची गरजच काय? त्यांनी चिखलाचा हात धोतराला पुसला, बोट वाकवले आणि माझ्या काचेवर अगदी हलकी टिचकी मारली. कप्तान लोबातू मारीत असे तशीच.

"सुनबाई, आता काय म्हनतं हे?"

"उजवीकडं सरकलं, मामा. उद्या ऊन हाय."

"मग येऊ का आत?"

"या की. पन पाय ठेवायला जागा बघून."

मित्रांनो, माझी तुम्हांला एकच विनंती आहे. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल, एखादे वृद्ध माणूस असेल. कोपऱ्यात अडून बसलेले, गप्प झालेले. त्यांच्याकडे दुरून पाहून मान हलवू नका. जवळ जा, हलकेच स्पर्श करा, विचारा आणि क्षणभर थांबून उत्तर ऐका. त्यांना काहीच कळत नाही असे समजून दार लावून घेऊ नका.

आणि कधी शिंगणापुरास आलात, तर आबासाहेबांच्या घरी अवश्य या. कुंकवाचे ते बोट अजून काचेवर आहे. आत जाण्यापूर्वी टकटक मात्र करा.